विषय : चाबी मिळण्याबाबत

दोन वर्षं मी सकाळचा चहा झाला की पाण्याला हात लावत नसे. व्रत नव्हतं की नवस नव्हता, सरकारी नोकरी होती. साडेदहाला कचेरी उघडायची, पाचला बंद व्हायची, आणि मधल्या वेळात बाईमाणसाला जायला जागा नव्हती. म्हणजे जागा होती. चांगली विटांची बांधलेली होती, वर पाटीसुद्धा होती. पण तिला कुलूप होतं.

ऐंशीनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट, मध्य प्रदेशातल्या बालाघाटची. कोणतं खातं ते सांगत नाही, कारण माझ्या सासरचे निम्मे लोक आजही कुठल्या ना कुठल्या खात्यात चिकटलेले आहेत आणि त्यांच्या लग्नाकार्यांना मला अजून जायचं असतं. एवढं सांगते की जमिनीच्या कागदांसाठी लोक आमच्याकडे यायचे. लामत्याहून छोट्या लाइनच्या गाडीने, बिरशाहून बसने, हट्ट्याहून मिळेल त्या वाहनाने. मागच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली बसून दिवसभर आपल्या नावाच्या पुकाऱ्याची वाट बघायचे. आम्ही आत पंख्याखाली बसून त्यांना ताटकळत ठेवायचो. मी टायपिस्ट होते, आणि अख्ख्या कचेरीत एकटी बाई.

नोकरी लागली ती भासऱ्यांमुळे. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात, आणि भासऱ्यासमोर धाकट्या सुनेनं यायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही, अशी रीत. एका घरात राहून मी सहा वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना काही सांगायचं असेल तर मी भिंतीला सांगायची. "सायकलीतली हवा गेली वाटते," असं मी भिंतीकडे बघून म्हटलं की ते ओसरीवर, कुणालाच उद्देशून नाही असं खाकरून, पंप काढायचे. तेही तसेच. एक दिवस त्यांनी एक सरकारी फॉर्म फडताळावर ठेवला आणि हवेला सांगितलं की याची मुदत शनिवारी संपते. जाऊबाई म्हणाल्या, हा फॉर्म तुझ्यासाठीच आहे, त्यांना कुठे टायपिंग येतं. मी लग्नाआधी गोंदियाला टायपिंगचा क्लास केलेला होता. फॉर्म भरला, परीक्षा दिली आणि लागले.

लागल्यावर कळलं की भासरे त्याच कचेरीत नाजिर आहेत. म्हणजे ते माहीत होतं, पण नाजिर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. कचेरीतली खुर्ची, दौत, टाचणी, पंखा, कुलूप, चाबी, जे जे म्हणून जड आहे किंवा हरवू शकतं, ते सगळं नाजिराच्या ताब्यात. त्यांचं टेबल माझ्या समोर, मध्ये चार हातांचं अंतर. आता चार हातांवर भासरे बसलेले असताना डोक्यावरचा पदर काढायचा कसा? मी पदर घेऊनच टायपिंग करायची. ओळ संपली की मशीनचा रोलर डावीकडून उजवीकडे ढकलावा लागतो, त्यात दर दोन-तीन दिवसांनी माझा पदर सापडायचा. मग मी मान वाकडी करून एका हाताने तो सोडवत बसायची आणि समोर भासरे खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललं आहे असं बघत राहायचे. मला काम द्यायचं असेल तर ते चपराशाला सांगत, हे टायपिस्टला द्या. चपरासी म्हातारा होता, त्याला गुडघ्याचा त्रास. चार हातांसाठी तो दिवसातून वीस वेळा उठायचा आणि मला मनातल्या मनात शिव्या घालत असणार.

आता त्या कुलपाकडे येते.

भोपाळहून कुणी महिला मंत्री दौऱ्यावर येणार म्हणून एका वर्षी कचेरीमागे आठ दिवसांत एक छोटी खोली उभी राहिली. बाहेर हौद, आत टाकी, दाराला हिरवा रंग, वर पाटी ‘महिला प्रसाधन’. मंत्रीबाई आल्या, नारळपाणी प्यायल्या आणि गाडीत बसून निघून गेल्या. त्या खोलीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी नाजिरांनी खोली ताब्यात घेतली. एवढी कोरडी, नवीकोरी, कुलूप लागणारी जागा रिकामी ठेवायची कशाला? तिच्यात मतपेट्या रचल्या. लोखंडी, जुन्या, एकावर एक, थेट छतापर्यंत. मी कामाला लागले तेव्हा त्या पेट्यांना तिथे तीन वर्षं झाली होती. जिल्ह्यातल्या बायकांची मतं ज्यात पडतात त्या पेट्यांना बायकांची मोरी मिळाली होती आणि बायका बाहेर होत्या. आज हे लिहिताना हसू येतं, तेव्हा पोटात कळ यायची.

पुरुषमंडळींची काही अडचण नव्हती. त्यांना कचेरीची मागची भिंत होती, शेजारची भिंतही होती, आणि घाई असेल तर पुढचीही चालायची.

पहिला महिनाभर मी दुपारच्या सुट्टीत रस्त्यापलीकडच्या एका ओळखीच्या घरी जायची. त्या घरच्या बाई फार प्रेमळ. आधी चहा, मग घरची चौकशी, मग माझ्या सासरच्या एकेकाची चौकशी. आठवड्याभरात मला कळलं की मी जे कारण घेऊन जाते त्याची किंमत मी सासरच्या बातम्यांनी चुकवते आहे. आणि एक दिवस त्यांनी जाऊबाईंना देवळात विचारलं म्हणे की तुमची धाकटी जाऊ रोज आमच्याकडे येते, घरी काही भांडणतंटा आहे का. झालं. तो दरवाजा बंद.

मग मी पाणी सोडलं. सोपं होतं ते, नुसती सवय लावायची. डब्यात रस्सा नको, ताक नको, वरण घट्ट. उन्हाळा लागला की बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, टेबलावर वर्तमानपत्र पसरून टरबूज कापायचे, सगळ्यांना फोडी वाटायचे, आणि मी म्हणायची मला आवडत नाही. मला टरबूज इतकं आवडतं की माहेरी मी सालीपर्यंत पांढरं खरवडून खायची. दोन उन्हाळे मी ते टरबूज नुसतं बघितलं. पाचनंतर घरी पोचले की चपला न काढता आधी मागच्या दाराने आत, आणि मग माठाजवळ बसून तीन तांबे. जाऊबाई म्हणायच्या, म्हैस आली.

दुसऱ्या वर्षी थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ, कंबर दुखून उठवेना. सरकारी दवाखान्यातल्या लेडी डॉक्टर जबलपूरकडच्या होत्या. बोलायला फटकळ आणि हाताने फार मऊ. गोळ्या दिल्या, बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा ताप. पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "या तो पानी पियो, या नौकरी छोड़ो. गुर्दे ख़राब हो गए तो मेरे पास मत आना." त्यांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलं की रोज दहा ग्लास पाणी, आणि पेशाब रोखायची नाही. त्याखाली दोन रेघा मारल्या.

घरी निकाल लगेच लागला. आमचे हे शाळामास्तर, स्वभावाने गरीब. म्हणाले, तुला झेपत नसेल तर सोडून दे, कुणी काही म्हणणार नाही. जाऊबाईंनी तर दिवसच ठरवून टाकला. "आता अजून एकदा ताप आला का घरी बस. नोकरीपायी किडनी देऊन राह्यली का सरकारले?" त्यांचं चुकत नव्हतं. पण मला त्या दिवशी जेवढं रडू आलं तेवढं मूल गेलं तेव्हाही आलं नव्हतं, आणि हे वाक्य लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली आहेत. लग्नानंतर पहिल्या दोन वर्षांत माझं एक मूल गेलं होतं. त्यानंतर घरात मला काय करावं हे सुचत नसे. मशीनवर बसलं की बोटं आपोआप चालायची, न बघता, आणि त्या आवाजात डोकं शांत व्हायचं. एवढ्यासाठी मला ती नोकरी हवी होती. हे मी ना नवऱ्याला सांगू शकले ना जाऊबाईंना.

तरी दुसऱ्या दिवशी मी राजीनामा टाइप केला. दोन कार्बन घालून तीन प्रती, खाली तारखेची जागा कोरी. घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढचा ताप आला की तारीख टाकायची.

आता सांगा, चाबी समोर चार हातांवर टेबलाच्या खणात पडलेली. उठून मागायची एवढंच. पण मागायची कुणाकडे? भासऱ्यांकडे. कशासाठी? तेही सांगावं लागणार. भिंतीलासुद्धा मी ते सांगू शकत नव्हते.

शेवटी मी जाऊबाईंना पकडलं. त्यांनी जेवताना नवऱ्याच्या कानावर घातलं. भासरे घास चावून संपवून म्हणाले, कचेरीची गोष्ट कचेरीत, आणि ती चाबी म्हणजे माझी मालकी नाही, सरकारी सामान आत आहे, कागदावर पाहिजे. जाऊबाईंनी स्वयंपाकघरात येऊन मला जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे स्वतःचं जोडलं की या माणसाले मी मरून राह्यली असं म्हटलं तरी हा म्हणन, कागदावर दे.

मला मात्र ते फार पटलं. तोंडाने बोलायचं नाही, लिहून द्यायचं! यात कसली लाज? मी लिहिलेलं फक्त नाजिर वाचतील, चाबी देतील, विषय संपला. दोन वर्षं सरकारी कागद टाइप करूनही माझ्या डोक्यात हे आलं नाही की सरकारात कागद एका माणसासाठी कधीच नसतो.

मी मोठ्या मायेने अर्ज टाइप केला. विषय, महिला प्रसाधन की चाबी प्राप्त होने बाबत. मजकूर असा की प्रार्थिनीला शासकीय वेळेत एक व्यक्तिगत आवश्यकता उद्भवते, तरी चाबी मिळावी. ‘व्यक्तिगत आवश्यकता’ हे शब्द मला इतके सुंदर वाटले की मी ते दोनदा वापरले. मग अर्ज चपराशाच्या हाती दिला. चार हात.

भासऱ्यांनी तो वाचला, कोपऱ्यात सही केली आणि नियमाप्रमाणे आवक शाखेत पाठवला. आवकवाल्याने शिक्का मारला, नंबर टाकला, आणि वाचला. तो मोठ्याने वाचणारा माणूस होता. तिथून बडे बाबूंकडे गेला. बडे बाबूंनी तीन दिवस विचार केला आणि शेरा मारला, ‘आवश्यकता का स्वरूप स्पष्ट करें.’ नोटशीट लावून कागद माझ्याकडे परत.

मी ती ओळ वाचली आणि माझे कान तापले. आधी लाजेने, मग रागाने. तो राग मला अजून आठवतो, फार स्वच्छ राग होता. दोन वर्षं मी तहानलेली बसले, या माणसाचं टरबूज बघत, आणि याला स्वरूप पाहिजे? मी पर्स उघडली, लेडी डॉक्टरांची चिठ्ठी काढली, नोटशीटला टाचणी लावली आणि खाली टाइप केलं, ‘स्वरूप संलग्न है.’ पाठवून दिलं.

नंतर ऐकलं की बडे बाबूंनी त्या दोन रेघा वाचल्या आणि फाइल अशी झटकन मिटली की त्यांचा चष्मा खाली पडला. ती फाइल पुढे त्यांनी एक दिवससुद्धा स्वतःकडे ठेवली नाही. थेट साहेबांकडे. साहेब तरुण होते, नवीन होते. त्यांनी लिहिलं, ‘चर्चा करें.’

चर्चा झाली. साहेबांच्या खोलीत साहेब, बडे बाबू, भासरे, आणि दाराजवळ पदर घेऊन मी. पाऊण तास चर्चा झाली आणि विषयाचं नाव एकदाही कुणी घेतलं नाही. सगळे ‘वह बात’ म्हणायचे. वह बात तो ठीक है, पर मतपेट्यांचं काय? वह बात माणुसकीची आहे, पण एका कर्मचाऱ्यासाठी एक खोली? बडे बाबू छताकडे बघून बोलत होते. साहेब पेपरवेट फिरवत होते. सगळं संपत आलं तेव्हा भासऱ्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं की पेट्या मागच्या रेकॉर्डच्या खोलीत मावतात, मी काल मापून पाहिलं. काल म्हणजे रविवार होता. सुट्टीच्या दिवशी ते टेप घेऊन कचेरीत गेले होते, हे मला तिथे उभी असताना कळलं.

आदेश निघाला. पेट्या हलल्या. भासऱ्यांनी उभं राहून चुना मारून घेतला, हौद घासून घेतला, आणि चाबी चपराशाच्या हाती माझ्या टेबलावर आली, सोबत पावती. ‘चाबी नग एक, टायपिस्ट के प्रभार में.’ मी सही केली. मग चपराशाला पाणी आणायला सांगितलं आणि सगळ्या कचेरीच्या देखत एक आख्खा तांब्या घटाघट प्यायले. बडे बाबूंनी खुर्ची वळवून घेतली.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती नातवंडांना फुशारकीने सांगितली असती. ताप पुन्हा आला नाही. राजीनामा ड्रॉवरमध्ये खाली खाली जात राहिला. चाबी मी पदराच्या टोकाला बांधायची. दिवसातून तीनदा उठायची, अंगणातून ऐटीत जायची, कुलूप उघडायची, येताना पुन्हा लावायची, ओढून बघायची लागलं का. आत मी साबणाची वडी ठेवली, घरून एक जुना आरसा आणून टांगला. उन्हाळ्यात मी टरबूज खाल्लं. बडे बाबूंच्या हातून, दोन फोडी जास्त मागून.

कडुलिंबाखालच्या बायका मला बघायच्या. मी बघत नसे. बघितलं असतं तर दिसलं असतं की त्याही पाणी पीत नाहीत.

एप्रिलच्या शेवटी, पेशीच्या म्हणजे सुनावणीच्या दिवशी, मी कुलूप लावून वळले तर एक म्हातारी बाई समोर उभी. साठीची असेल, हट्ट्याकडची, नऊवारी, हातात कागदांची पिशवी. नवरा वारला होता आणि शेतावर आपलं नाव चढवायला ती चौथ्यांदा आली होती. दीर आडवा आला होता म्हणे. ती हळू आवाजात म्हणाली, "माय, पहाटपासून निघाली मी. पोटात दुखून राह्यलं. मले तिथी जाऊ देशीन का?"

मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, "बाई, हे फक्त स्टाफसाठी आहे. माझ्याकडे प्रभार आहे, कुणालाही उघडून देता येत नाही." वर हेही म्हणाले की तुमच्या गावच्या लोकांनी एकदा अर्ज द्यावा. मी, जिच्या अर्जाला स्वरूप विचारलं होतं.

ती "हौ" म्हणाली. वाद नाही, विनवणी नाही. परत जाऊन झाडाखाली बसली.

तीन वाजता तिचा पुकारा झाला. चपराशाने दारात उभं राहून नाव घेतलं, एकदा, दोनदा, तीनदा. कुणी उठलं नाही. गैरहजर, असा शेरा पडणार होता. माझ्या खिडकीतून झाड दिसायचं. ती तिथेच बसलेली होती, मान खाली, नाव ऐकत होती आणि उठत नव्हती. मला वाटलं झोप लागली असेल. मी धावत बाहेर गेले, म्हटलं, आजी, तुमचं नाव घेतलं. तिने वर बघितलं नाही. मग मला तिच्या लुगड्याखालची ओली माती दिसली.

मी आत आले. भासऱ्यांच्या टेबलापाशी गेले, इतक्या जवळ आयुष्यात कधी गेले नव्हते. पदर कधी खाली आला ते कळलं नाही. त्यांना हाक काय मारायची हेसुद्धा मला माहीत नव्हतं, कधी वेळच आली नव्हती.

"भाऊजी," मी म्हणाले, "बाहेर एक बाई बसली आहे. तिले मी चाबी नाही देल्ली. तिचा पुकारा पुन्हा करा. अन्‌ ते कुलूप काढून टाका."

कचेरीतल्या सगळ्यांचे हात थांबले. भासऱ्यांनी सवयीने खिडकीकडे बघितलं, मग चपराशाकडे बघितलं, मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"मले सांगून राह्यल्या का?"

"हौ."

"कागदावर..."

"कागदावर नाही देत. तोंडानं सांगून राह्यली."

त्यांनी टोपी नीट केली. मग उठले, साहेबांच्या खोलीत गेले, आणि बाहेर येऊन चपराशाला म्हणाले की अर्ध्या तासाने त्या नावाचा पुकारा पुन्हा कर. त्याने विचारलं, आदेश कुठे आहे. ते म्हणाले, माझ्या तोंडात आहे.

मी म्हातारीला हाताला धरून त्या खोलीत नेलं. तिला म्हटलं, मी घरून लुगडं आणवते. ती नको म्हणाली. तिने माझ्या आरशाकडे बघितलं, साबणाकडे बघितलं, आणि मग टाकीतून बादली भरून सरळ अंगावर ओतली, डोक्यावरून. "आता सारंच ओलं दिसन," ती म्हणाली. "ऊन लागलं होतं, अंगावर पाणी घेतलं म्हणून सांगीन." आणि तशीच निथळत साहेबांसमोर उभी राहिली, पिशवी कोरडी ठेवून. निकाल लागला नाही, तारीख मिळाली. पण गैरहजर पडली नाही.

तिला बाहेर सोडताना मी काहीतरी पुटपुटले, की मघाशी माझं चुकलं. तिला ते कळलंच नाही. ती म्हणाली, "मले वाटलं तुह्यंच घर होय ते."

पाच वाजता भासऱ्यांनी कुलूप काढून खणात टाकलं आणि चपराशाच्या हाती कागद न पाठवता स्वतः माझ्या टेबलापर्यंत येऊन चाबी परत मागितली. चार हात. रात्रीच्या जेवणाला जाऊबाई वाढत होत्या, मी आत पोळ्या लाटत होते. भासऱ्यांचा आवाज आला, भिंतीला नव्हे, थेट स्वयंपाकघराच्या दाराला, "टायपिस्टबाई, वरणात मीठ कमी आहे." जाऊबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मी बाहेर येऊन मीठ वाढलं. वरणात मीठ बरोबर होतं, मी आधी चाखलं होतं.

राजीनाम्याच्या तिन्ही प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पुढे बाजाराच्या याद्या लिहिल्या.

कुलूप गेल्यावर खोली घाण व्हायला लागली, हौद आटायला लागला, बडे बाबूंनी दोनदा लेखी तक्रार केली. साबणाची वडी पहिल्याच दिवशी गेली, आरसा महिन्याभराने. भासरे रोज सकाळी उभं राहून पाणी भरून घ्यायचे. पेशीच्या दिवशी बाहेर रांग लागायची आणि मला दहा-दहा मिनिटं थांबावं लागायचं. चिडचिड व्हायची, खोटं कशाला सांगू.

पुढच्या तारखेला ती हट्ट्याची बाई आली. मी रांगेत होते, ती माझ्या पुढे. कोरडं लुगडं, तीच पिशवी. तिने मला ओळखलं नाही, माझ्या डोक्यावर त्या दिवसापासून पदर नव्हता. ती आत गेली, सावकाश बाहेर आली, आणि तिच्या हातातला तांब्या तिने माझ्या हातात दिला.

"जा माय," ती म्हणाली, "पाणी आहे अजून."